तुमच्याकडे 2 मुलं आहेत

गेल्या वर्षी आमच्या टीमकडे एक ॲप मराठीत आणायचं काम आलं. कुटुंबाचा विमा, कर्जाचे हप्ते, औषधांच्या वेळा, डॉक्टरची अपॉइंटमेंट असं सगळं एका जागी दाखवणारं ॲप. डेव्हलपरांमध्ये मराठी मी एकटाच, म्हणून भाषांतराची फाइल माझ्याकडे आली. त्यात एक ओळ होती: 'यू हॅव', पुढे संख्येसाठी रिकामी जागा, पुढे वस्तूसाठी रिकामी जागा. लिहिणाऱ्यानं डोकं लावलं होतं. त्या एका साच्यातून ॲपमधली चाळीसेक वाक्यं निघत होती. मी साचा मराठीत केला, 'तुमच्याकडे अमुक इतके तमुक आहेत', आणि चहाला गेलो.

दोन दिवसांनी टेस्टिंगवाल्या मुलीनं बग टाकला. ती साताऱ्याची. स्क्रीनशॉटमध्ये वाक्य होतं: 'तुमच्याकडे 2 मुलं आहेत.' खाली तिनं एकच शब्द लिहिला होता. 'कुणाची?'

मी हसलो, आणि मग बाकीची वाक्यं काढून बघितली. 'तुमच्याकडे 1 कर्ज आहे.' म्हणजे काय, वाटायला ठेवलंय? 'तुमच्याकडे मधुमेह आहे.' 'तुमच्याकडे 3 मेसेज आहेत.' यातलं एकही वाक्य कुठल्या मराठी माणसाच्या तोंडी येणार नाही. मुलं असतात ती मला, कर्ज असतं माझ्यावर, मेसेज मला येतात, अपॉइंटमेंट माझी असते, गाडी माझ्याकडे असते आणि ताप अंगात असतो. इंग्रजीतल्या एका शब्दासाठी मराठीत सहा दरवाजे, आणि कुठल्या वस्तूनं कुठल्या दारातून यायचं ते ठरलेलं.

आमचा लीड बेंगळुरूला बसतो. कॉलवर त्यानं विचारलं, पण मराठीत 'हॅव'ला म्हणतात काय? मी म्हटलं, काहीच म्हणत नाहीत, असं क्रियापदच नाही. त्याला वाटलं मी काम टाळतोय. नशिबानं कन्नडची फाइल बघणारी मुलगी कॉलवर होती, ती म्हणाली की तिचंही तेच झालंय. मुलांसाठी 'ननगे', म्हणजे मला. पैशांसाठी 'नन्न हत्तिर', म्हणजे माझ्याजवळ. हिंदीवाल्यानं त्याचं सांगितलं: मेरे दो बच्चे, मेरे पास पैसे, मुझे बुखार. साचा मोडला. चाळीस वाक्यं वेगवेगळी लिहावी लागली आणि रिलीज एक आठवडा पुढे गेलं.

काम संपलं तरी तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. त्याचं कारण भाषेचं नव्हतं. ते पुढे सांगतो.

आधी शब्दाचं. इंग्रजीत सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या दहा शब्दांत 'हॅव' येतो. भाऊ हॅव, सर्दी हॅव, नाश्ता हॅव, बाळ हॅव, शंका हॅव. लॅटिनमधल्या 'हाबेरे' या क्रियापदाचा अर्थ तोच, आवाजही जवळचा, म्हणून दोन्ही एकाच घरातले वाटतात. पण भाषाशास्त्रज्ञ सांगतात की तसं नाही. इंग्रजी 'हॅव' ज्या मुळातून आला त्याचा अर्थ पकडणं, हातात घट्ट धरणं; लॅटिनमध्ये त्याचा भाऊ 'कापेरे', पकडणे. आणि 'हाबेरे'चा इंग्रजीतला नातेवाईक चक्क 'गिव्ह' आहे. देणे! मला हे वाचून फार गंमत वाटली होती. एकाच अर्थाचे दोन शब्द, एक ओरबाडण्यातून आलेला, दुसऱ्याची भावकी देण्याशी.

आपल्याकडे यातलं काहीच झालं नाही. संस्कृतातही 'मम अस्ति', माझं आहे. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं 1960 च्या एका निबंधात मांडलं होतं की 'हॅव' हे खरं तर उलटं केलेलं 'असणे' आहे. 'मला अमुक आहे' यात अमुक हा कर्ता असतो आणि मी कोपऱ्यात उभा. 'हॅव' आलं की मी मधे येतो आणि अमुक माझं कर्म होतं. जगातल्या बऱ्याच भाषा हा उलटा प्रकार करतच नाहीत, त्या 'असणे'वर भागवतात. मराठीत मुलं असतात. मी त्यांना 'असवत' नाही.

इथं एक मोह होतो आणि मलाही झाला. एरिक फ्रॉमचं 1976 चं 'टू हॅव ऑर टू बी?' हे पुस्तक मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी वाचलं होतं, त्या वयात वाचतात तसं, अर्ध्याहून जास्त खाली रेघा मारत. त्याचं म्हणणं असं की माणूस दोन पद्धतींनी जगतो. एकात तो गोष्टी मिळवून बाळगतो, दुसऱ्यात तो नुसता असतो, आणि आधुनिक माणूस पहिल्यात अडकलाय. त्यात तो भाषेकडेही बोट दाखवतो: अनेक भाषांत 'मला आहे' अशी रचना आधी होती, 'हॅव' नंतर आलं, आणि त्याचा संबंध खासगी मालमत्तेशी आहे. हे वाचून मराठी माणसाची छाती फुगायला काय वेळ लागतो? आमच्या भाषेत मालकीचं क्रियापदच नाही, म्हणजे आम्ही मुळातच निरिच्छ! कुठल्याही गावातल्या तलाठी कार्यालयात अर्धा दिवस बसलं की ही छाती खाली येते. भावकीत बांधावरून डोकी फुटतात ती याच भाषेत.

शिवाय एक शब्द आहे जो मला कायम टोचतो. इंग्रजीतल्या 'हॅव्ज' आणि 'हॅव-नॉट्स'ना मराठीत आपण 'आहे रे' आणि 'नाही रे' म्हणतो. फार सुंदर भाषांतर, कुणी केलं त्याला सलाम. पण शब्दशः बघा. इंग्रजीत गरीब माणसाकडे वस्तू नसते. मराठीत तो माणूसच 'नाही' होतो. असणे आणि बाळगणे यांची इतकी गाठ बसली की जवळ काही नसलं तर माणूस यादीतूनच जातो.

कॉम्प्युटरवाल्यांना हा गोंधळ वेगळ्या नावानं शिकवतात. दुसऱ्या वर्षाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये दोन नाती असतात, 'इज-अ' आणि 'हॅज-अ'. कार हे एक वाहन आहे, हे पहिलं. कारला इंजिन आहे, हे दुसरं. आमचे सर मराठीत समजावताना दोन्हीकडे 'आहे' म्हणायचे आणि वर्गाला काही केल्या फरक कळायचा नाही. गंमत म्हणजे इंग्रजी 'हॅज' सुद्धा तिथं पुरत नाही. आकृतीत दोन प्रकारचे चौकट काढावे लागतात. घराला खोल्या असतात, घर पाडलं की खोल्या गेल्या: तो भरीव चौकट. विभागाकडे प्राध्यापक असतात, विभाग बंद झाला तरी प्राध्यापक उरतात: तो पोकळ. मराठीचे 'ला' आणि 'कडे' जवळपास हेच काम करतात. जे तुटलं तर मीही थोडा तुटतो, त्याला 'ला'. जे काढून ठेवलं तरी मी शाबूत, त्याला 'कडे'. म्हणून 'मला भाऊ आहे' आणि 'माझ्याकडे जमीन आहे'.

आता ते दुसरं कारण.

आजोबा 2020 मध्ये गेले. त्यांच्या नावावर तीन एकर होती, वडिलोपार्जित, निम्मी उसाखाली. वारस तीन: बाबा, काका आणि आत्या. आत्याचं लग्न ऐंशीच्या दशकात झालेलं, पण त्यानं काही फरक पडत नाही. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला. त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. आमच्या बाबतीत तर तोही प्रश्न नव्हता. वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर आत्याचं नाव लागलं. आयुष्यात पहिल्यांदा.

सातबारा ज्यांनी नीट वाचलेला नाही त्यांच्यासाठी: त्यात जमीनधारकाला 'भोगवटादार' म्हणतात. वर्ग 1 म्हणजे ज्याला विकायला सरकारची परवानगी लागत नाही, वर्ग 2 म्हणजे ज्याला लागते. मालक म्हणून मिरवणारा माणूसही कागदावर भोगवटा करणाराच असतो. जमीन आपली असते की आपल्याकडे असते, यावर महसूल खात्यानं मराठी व्याकरणाइतकाच विचार केलेला दिसतो.

आत्याचं नाव वर्षभर राहिलं. 2021 च्या दिवाळीनंतर बाबांचा फोन आला की शनिवारी गावी ये, येताना आत्याला तिच्या घरून घे आणि सोमवारी तालुक्याला सोड, हक्कसोड पत्र करायचंय. हे आमच्याकडे कुणाला विचित्र वाटत नाही. बहिणी हक्क सोडतात, भाऊ साडीचोळी करतात, जेवण होतं. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं. असं कुणी बोलून दाखवत नाही, त्याची गरजही पडत नाही.

गाडीत मी तिला विचारलं होतं. 'आत्या, तुला माहितीये ना, तुझा एक एकर होतोय?' ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, 'आरं मला दोन भाऊ हायेत, मला काय कमी हाय?'

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दुपार गेली. नात्यातल्या नात्यात, मोबदला न घेता सोडायचं असेल तर तेव्हा मुद्रांक 200 रुपयांचा होता. वेबकॅमनं फोटो, अंगठ्याचा ठसा. साक्षीदार दोन लागतात, त्यातला एक मी. तिथल्या माणसानं मान वर न करता विचारलं, 'स्वखुशीनं करताय ना?' आत्या म्हणाली, 'व्हय, करायची हाय सही.'

तिनं केली. मीही केली. नंतर फेरफार झाला आणि महसुली भाषेत म्हणतात तसं तिचं नाव 'कमी' झालं.

पुढच्या वर्षी मी पुण्यात फ्लॅट घेतला. डाऊन पेमेंटला आठ लाख कमी पडत होते, बाबांनी त्यांच्या वाट्यातली वीस गुंठे विकली. आत्याला जेव्हा कळलं तेव्हा ती पेढे घेऊन आली.

मी इंजिनिअर आहे, हिशेब मला येतो, पण हा मी तीन वर्षं केला नव्हता. तीन एकर म्हणजे 120 गुंठे. तिघांत प्रत्येकी 40, दोघांत प्रत्येकी 60. बाबांना आत्याच्या सहीमुळे जास्तीचे मिळाले 20 गुंठे. विकले 20 गुंठे. माझ्या बेडरूमच्या खिडकीतून जे काही दिसतं ते आत्याच्या वाट्याचं आहे, असं म्हटलं तर आकडा एका गुंठ्यानंही चुकत नाही.

हा हिशेब मला त्या भाषांतराच्या फाइलवर बसलो असताना सुचला. 'यू हॅव'ची वाक्यं संपल्यावर पुढचा गठ्ठा होता 'यू हॅव टू'चा. इंग्रजीत बाळगणारं क्रियापदच बंधनही दाखवतं. जुन्या काळी कुणी म्हणायचं, माझ्याकडे लिहायचं पत्र आहे. हळूहळू पत्र बाजूला पडलं आणि 'लिहायलाच हवं' एवढंच उरलं. जे तुमच्याकडे आहे ते तुम्हाला करायला लावतं. ॲपमध्ये वाक्य होतं, 'यू हॅव टू साइन धिस फॉर्म.' मी लिहिलं, 'तुम्हाला या फॉर्मवर सही करायची आहे.' आणि थांबलो.

कारण 'यू वाँट टू साइन' याचंही मराठी हेच होतं.

'मला घरी जायचंय' म्हणजे जावंसं वाटतंय की जाणं भाग आहे? दोन्ही. आपण रोज बोलतो आणि संदर्भावरून कळतं, किंवा कळल्यासारखं वाटतं. इच्छा आणि सक्ती मराठीनं एकाच पिशवीत भरून ठेवल्यात. 'करावी लागतेय' म्हणता येतं, तो शब्द आहे, पण त्यात तक्रार आली. तक्रार करायची नसेल, समोर भाऊ उभे असतील, भाच्यानं गाडीतून आणलं असेल, तर माणूस म्हणतो, करायची आहे. निबंधकाच्या माणसानं त्यातली इच्छा ऐकली, कारण त्याच्या रकान्यात तेवढीच जागा होती. बाबांनीही तीच ऐकली. मीही. मला मात्र दुसरं ऐकू येत नव्हतं असं म्हणता येणार नाही. गाडीत मीच विचारलं होतं ना, एक एकर होतोय म्हणून. कशाला विचारलं होतं? तिनं नको म्हणावं म्हणून, की पुढे कधीतरी असा लेख लिहिताना 'मी विचारलं होतं' असं लिहिता यावं म्हणून?

इंग्रजी असतं तर सुटका झाली नसती, असं म्हणायचा मोह मी आवरतो. तिथंही लपायला भरपूर जागा आहे. नोम चॉम्स्कीनं 1965 च्या पुस्तकात एक वाक्य दिलंय, 'आय हॅड अ बुक स्टोलन'. त्याचे किमान तीन अर्थ होतात: माझं पुस्तक चोरीला गेलं, मी कुणाकडून तरी पुस्तक चोरवलं, मी पुस्तक चोरलंच होतं, जवळजवळ. फिर्यादी, सूत्रधार आणि चोर, तिघं एकाच 'हॅड'मागे. तसंच आत्याबद्दल लिहायचं झालं तर 'शी हॅड हर नेम रिमूव्ड'. तिनं काढवून घेतलं की तिचं काढलं गेलं? वाक्य सांगत नाही. तेव्हा भाषांची तुलना करून एकीला प्रामाणिक ठरवण्यात अर्थ नाही. प्रत्येक भाषेत सोयीचा एक अंधार असतो आणि आपण कुठं उभं राहायचं ते बरोबर ओळखतो.

मला सुटत नाही तो प्रश्न असा. आत्यानं जमीन दिली आणि त्या बदल्यात काही राखलं. 'मला दोन भाऊ हायेत.' तिच्या लेखी तो तोटा नव्हता. 'कडे'मधलं दिलं आणि 'ला'मधलं ठेवलं, आणि नाती मालमत्तेहून मोठी असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. मग यात वाईट काय? वाईट हे की बाबांना आणि काकांना असा सौदा कुणी समोर ठेवलाच नाही. त्यांना बहीणही राहिली आणि जमीनही. तिघांपैकी फक्त एकीला जे आधीच तिचं होतं ते राखण्यासाठी किंमत मोजावी लागली. भाऊ असणं हे जर पोकळ चौकटीतलं नसेल, भरीव असेल, तर ते 200 रुपयांच्या कागदावर अवलंबून कसं?

मग पैसे परत करायचे का? आठ लाख. ईएमआय चालू आहे, तरी तीन-चार वर्षांत जमेल. मी बाबांना म्हटलं. ते म्हणाले, 'तिनं सोडलंय, आपण मागितलं नव्हतं.' हे खरंच आहे. मागितलं नव्हतं. आईनं वेगळं सांगितलं: 'देऊन बघ, ती आयुष्यात या घराची पायरी चढायची नाही.' तेही मला पटतं. तिनं जे नात्यात घातलं ते मी खात्यात टाकून परत केलं तर ती म्हणेल, माझी किंमत केलीस. आणि मग मला शंका येते की हा युक्तिवाद मला इतका लवकर का पटला. न देण्याचं कारण जेव्हा इतकं सुसंस्कृत असतं तेव्हा तपासून घ्यावं, एवढं मला कळतं. तपासून झालेलं नाही. आत्याच्या मुलीला, माझ्या आत्येबहिणीला, काय वाटतं हे तर आमच्यापैकी कुणी विचारलेलंच नाही. तिच्या वाट्याचंही त्यात काहीतरी होतंच की.

मागच्या महिन्यात मी आत्याला फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, 'आत्या, त्या वेळी तुला सही करायची होती का?'

बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा तोच प्रश्न विचारलाय, दोन्ही बाजूंनी उघडा.

'करायची हुती की,' ती म्हणाली.

'म्हणजे मनापासून?'

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती थांबली, गॅस कमी केला असावा, परत आली. 'आत्ता कशापायी इचारतोस रं?'

मी म्हटलं, 'असंच.'

'बरं. तुझ्या घराला पंखं बसवलंस का सगळ्या खोल्यांत? उन्हाळ्यात मी येणार हाय चार दिस.'

हॉलमधला अजून बसवायचा आहे, असं मी तिला सांगितलं.